कोऱ्या पत्र्याची भीती
अंतराळयान हा हौशी त्रिमितीय चित्रकलेतला अतिशय गजबजलेला विषय आहे. अलीकडची अशी रेंडरचित्रे ओळीने पाहिली तर एकच यान पुन्हा पुन्हा भेटते. त्याचे धूड लांबट आणि करडे असते. पत्र्याची वीतभर जागाही नळ्या, खोकी, खाचा आणि झाकणे यांवाचून सुटलेली नसते. शेपटीला निळा उजेड असतो आणि मागे जांभळी तेजोमेघाची चादर. त्यावर मिळणारा अभिप्रायही ठरलेला असतो : काम सुरेख आहे, थोडे डिटेल वाढवा. या कलेचे आजवर जितके नुकसान झाले आहे, त्यातले बरेचसे या एका सल्ल्याने केले आहे.

साधनांची अडचण आता उरलेली नाही. १९९३ साली ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेची याने अमिगा संगणकांवर लाइटवेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये तयार झाली, तेव्हा ती व्यावसायिक स्टुडिओची कामगिरी होती. २००२ मध्ये एक लाख युरोंची वर्गणी जमली आणि ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला झाला. २०११ मध्ये त्यात सायकल्स हे रेंडर इंजिन आले. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलेले प्रकाशाचे समीकरण त्यानंतर घरच्या ग्राफिक्स कार्डावर फुकट सुटू लागले. प्रकाश कसा उसळेल, कुठे झिरपेल, याचा हिशेब यंत्र चोख करते. तो कुठून यावा आणि किती यावा, हे मात्र माणसाने ठरवायचे असते, आणि नेमके तेच ठरवलेले दिसत नाही.

पत्र्यावर बारीकसारीक वस्तू चिकटवण्याच्या पद्धतीला ग्रीबलिंग म्हणतात. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) कारागिरांनी रणगाडे, जहाजे, मोटारी यांच्या प्लॅस्टिक किटमधले सुटे भाग यानांच्या मॉडेलांवर चिकटवले, आणि तिथून ही पद्धत रूढ झाली. पण त्या कारागिरांना कुठे चिकटवायचे नाही हेही कळत होते. पहिल्याच दृश्यात डोक्यावरून सरकत जाणाऱ्या स्टार डिस्ट्रॉयरचे मॉडेल जेमतेम ९० सेंटिमीटरचे होते. त्याची वरची पाचर मोठ्या, शांत पृष्ठांची आहे आणि गर्दी आहे ती कडेच्या खाचेत आणि मागच्या मनोऱ्यापाशी. नजर आधी मोकळ्या पठारावरून जाते, मग गर्दीवर आदळते, आणि त्या आदळण्यातून आकार मोठा भासतो. आजचे रेंडर ती गर्दी घेते आणि पठार टाकून देते.

‘स्टार वॉर्स’च्या अकरा वर्षे आधी, १९६६ मध्ये, पडद्यावर आलेल्या ‘स्टार ट्रेक’च्या एंटरप्राइझचा पत्रा मॅट जेफरीज यांनी मुद्दाम गुळगुळीत ठेवला होता. बिघडू शकणारी यंत्रे आत असावीत, दुरुस्तीसाठी माणसाला बाहेर पडावे लागू नये, हा त्यांचा विचार होता. धोकादायक शक्तीची इंजिने माणसांपासून दूर, दांड्यांच्या टोकाला असावीत, म्हणून ती तशी बसली. साडेतीन मीटरचे ते मॉडेल वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे. त्याची ओळख सावलीवरूनही पटते, हे त्या विचाराचे फळ आहे.

सत्तरच्या दशकातल्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांकडे पाहिले तर हीच गोष्ट दुसऱ्या रस्त्याने कळते. ख्रिस फॉस यांची एअरब्रशने रंगवलेली याने भौतिकशास्त्राच्या परीक्षेत टिकणारी नव्हती. तरीही पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या त्या अजस्र धुडांना वजन होते, कारण पट्टा मोठा आणि खिडकी इवलीशी, असे प्रमाण फॉस सोडत नसत. जॉन बर्की तर तपशील रंगवतच नसत. ब्रशच्या चार फटकाऱ्यांतून ते तो सुचवत, बाकीचे पाहणाऱ्याचा डोळा पुरे करी. किटबॅश संचातले हजार भाग विकत घेऊन पत्र्यावर पसरणाऱ्याने बर्की यांचे एक चित्र तासभर पाहत बसावे. त्यातून जे शिकायला मिळेल ते त्या संचाबरोबर येत नाही.

प्रमाणाचा प्रश्न खरे तर प्रकाशाचा प्रश्न आहे. पृथ्वीवर दूरचा डोंगर निळसर, फिकट दिसतो, कारण मध्ये हवा असते. अवकाशात ती नाही, म्हणून दूरचे आणि जवळचे सारखेच टोकदार दिसते आणि चित्रकाराचा सर्वांत जुना आधार निघून जातो. उरतात त्या सावल्या. पृथ्वीजवळून सूर्याची चकती सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. पत्र्यापासून शंभर मीटर उंच असलेल्या अँटेनाच्या सावलीची कड त्यामुळे सुमारे ९० सेंटिमीटर विरघळते, त्याहून जास्त नाही. गुरूपाशी सूर्य पाचपट दूर, म्हणून ती कड आणखी धारदार. हौशी रेंडरमध्ये मात्र यानावर एक भलामोठा एरिया लाइट टांगलेला असतो आणि सावल्या मऊ पडतात. मऊ सावली पडते ती टेबलावरच्या खेळण्याची, शेजारच्या दिव्याने. पाचशे मीटरचे यान तिथेच वीतभर होते. मग कितीही खिडक्या कोरल्या तरी ते पुन्हा वाढत नाही.

कॅमेऱ्याचेही तसेच. मागचा भाग धूसर करण्याची हौस सर्रास दिसते. पण शेकडो मीटर दूरच्या वस्तूवर नेहमीच्या लेन्सने फोकस केला तर सगळेच स्पष्ट येते. धूसरपणा ही अगदी जवळून टिपलेल्या छोट्या वस्तूची खूण आहे. मॉडेले चित्रित करणारे जुने तंत्रज्ञ हीच खूण पुसण्यासाठी लेन्सचे छिद्र बारीक करून एकेका फ्रेमला लांब एक्स्पोजर देत. त्यांनी कष्टाने पुसलेला डाग आज हौसेने लावला जातो. कडांच्या गोलाईबद्दलही हेच म्हणता येते. यानाच्या लांबीच्या एक टक्का बेव्हल दिसायला नाजूक वाटतो, पण पाचशे मीटरच्या यानावर ती पाच मीटरची गोलाई होते, म्हणजे दीड मजला.

सावलीतला भाग किती काळा असावा, याला एकच उत्तर नाही. पृथ्वीच्या कक्षेतल्या यानाला खालून निळसर उजेड मिळतो, कारण पृथ्वी आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे तीस टक्के भाग परत फेकते. ग्रहांमधल्या पोकळीत तोही नाही. तिथे यानाचा एक भाग दुसऱ्यावर जो उजेड टाकील तेवढाच. ब्लेंडरमध्ये नवे दृश्य उघडले की पार्श्वभूमीला राखाडी रंग असतो आणि तो गुपचूप चारी बाजूंनी उजेड देत राहतो. तो बंद करणे हा कोणत्याही अभिप्रायातला पहिला सल्ला असायला हवा.

उरलेल्या प्रकारांबद्दल थोडक्यात. निऑन दिव्यांची लढाऊ विमाने मोटारींच्या जाहिरातींची भावंडे आहेत. प्रसिद्ध यानांच्या हुबेहूब प्रती हा हात बसवण्याचा चांगला रियाज आहे, रचना नव्हे. शब्दांवरून चित्र काढणाऱ्या यंत्रांची याने इथे विचारात घेता येत नाहीत, कारण त्यांतल्या कोणत्याही नळीला दुसरे टोक नसते. जांभळ्या तेजोमेघांबद्दल एवढेच की, हबल दुर्बिणीच्या १९९५ मधल्या तेजोमेघाच्या प्रसिद्ध चित्रातले रंग गंधक, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांना वाटून दिलेले होते. यानाच्या खिडकीतून तसे काही दिसणार नाही.

आशा आहे ती एकाच प्रवाहाकडून : आधी यान चालेल कसे हे ठरवून मग आकार शोधणाऱ्यांकडून. ही मंडळी थोडी आहेत, पण अलीकडच्या कामात थांबून पाहावे असे जे काही आहे ते बहुतेक त्यांचे आहे. त्यांचा आवडता अवयव रेडिएटर. निर्वात पोकळीत उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर पडते, म्हणून शक्तिशाली इंजिनाच्या यानाला मोठाले तापते पंखे लागतात. निरपेक्ष तापमान दुप्पट झाले तर तेवढाच पंखा सोळापट उष्णता फेकतो, म्हणून धगधगता पंखा लहान असतो आणि थंड पंखा विस्तीर्ण. दोन पंखे समोरासमोर असले तर एकमेकांनाच तापवतात. अणुभट्टीचे किरण अडवणाऱ्या ढालीची सावली शंकूच्या आकाराची असते, त्यामुळे पंख्यांची कड तिरपी कापावी लागते. त्या तिरप्या कडेतून यानाला जो डौल येतो, तो कोणत्याही किटमध्ये मिळत नाही.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’च्या (१९६८) डिस्कव्हरीला आधी असे पंखे होते. प्रेक्षकांना ते विमानाचे पंख वाटतील म्हणून काढून टाकले गेले. ५४ फुटांचे ते मॉडेल आजही भव्य वाटते, पण तो निर्णय चुकीचाच होता, आणि त्याची किंमत ही कला पुढे चाळीस वर्षे मोजत राहिली. ‘अवतार’मधल्या (२००९) व्हेंचर स्टारने ती चूक सुधारली, पंखे परत आणले. शिवाय इंजिने पुढे, माणसे लांब मागे आणि मध्ये ओढीवर ताणलेला सडपातळ सांगाडा. ढकलण्याऐवजी ओढायचे म्हटले की सांगाडा हलका होतो, हे त्या आकारातच वाचता येते. ‘द एक्स्पान्स’ या मालिकेने मजले इमारतीसारखे एकावर एक रचून जमीन इंजिनाच्या बाजूला नेली. ज्याने हे पाहिले आहे, तो जोराने धावणाऱ्या यानावर जहाजासारख्या आडव्या खिडक्यांच्या रांगा काढणार नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, हौसेच्या कामाला असले निकष लावू नयेत. कल्पनाचित्राला कल्पनेची मोकळीक हवी. हा युक्तिवाद हौशी कलाकाराचा अपमान करणारा आहे. सहा-सहा महिने रात्री जागून एक मॉडेल घडवणाऱ्याला नुसती शाबासकी देणे म्हणजे त्याचे काम पाहायला नकार देणे. इंजिनांचा रेटा यानाच्या गुरुत्वमध्यातून जात नाही, ते जागच्या जागी गरगरेल, हे त्याला सांगितले पाहिजे. खिडक्यांवरून मजला तीन मीटरचा ठरतो आणि शेजारच्या दारावरून एक मीटरचा, हेही सांगितले पाहिजे. या त्रुटी सुधारायला एक नवा पॉलिगॉनही लागत नाही, उलट कित्येक काढून टाकावे लागतात. डिटेल वाढवा म्हणणाऱ्याला ते सांगता येत नाही, कारण त्याने चित्रात यान पाहिलेलेच नसते, पोत पाहिलेला असतो.

दुसरा आक्षेप असा की, एकाच सूर्याच्या कडक उजेडात, ताऱ्यांवाचूनच्या काळ्या आकाशापुढे चित्र रुक्ष होते. असे म्हणणाऱ्याने चंद्रावरचा एक फोटो पाहावा. प्रज्ञान रोव्हरने ३० ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम लँडरचा टिपलेला तो फोटो कृष्णधवल आहे आणि त्याच्या आकाशात एकही तारा नाही. उन्हातल्या यानासाठी लावलेल्या एक्स्पोजरमध्ये तारे उमटत नाहीत. त्या फोटोत चास्ते आणि इल्सा ही दोन उपकरणे ओळखता येतात. पहिले मातीत खुपसून तिचे तापमान मोजायचे होते आणि दुसरे जमिनीवर टेकवून तिचे कंप ऐकायचे होते. दोन्हींची जागा त्या कामाने ठरवली आहे.