सेतू केंद्र ते एपीआय सेतू : वापरकर्त्याच्या अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील जिल्हाधिकारी कार्यालयाशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे, त्याला ‘सेतू’ हा शब्द नवा नाही. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर यांसाठी प्रवेशाच्या दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात जी गर्दी होत असे, तीच या शब्दाची लोकमानसातील ओळख होय. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय ई-शासन विभागाने पुढे हाच शब्द एका निराळ्याच व्यवस्थेसाठी स्वीकारला. शासकीय विभागांच्या माहितीसाठ्यांना परस्परांशी आणि बाहेरच्या संस्थांशी जोडणारे क्लाउडवरील व्यासपीठ म्हणजे ‘एपीआय सेतू’. मे २०१५ मध्ये अधिसूचित झालेले खुल्या एपीआयविषयीचे धोरण हा त्याचा पाया आहे. पहिल्या सेतूवर खिडकी होती, खिडकीपलीकडे माणूस होता. दुसऱ्या सेतूवर ये-जा करणारा माणूस नसून मागणी आणि उत्तर ये-जा करतात. या व्यवस्थेत ‘वापरकर्ता’ म्हणून नेमकी कोणाची गणना होते आणि ज्याची होत नाही त्याच्या वाट्याला काय येते, या प्रश्नाची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

एपीआय म्हणजे एका संगणकप्रणालीने दुसरीकडे ठरावीक नमुन्यात मागणी करण्याची आणि ठरावीक नमुन्यातच उत्तर मिळविण्याची सोय. अशा सोयींची संख्या वाढली की कोणास प्रवेश द्यावा, किती वेळा द्यावा, आधीचेच उत्तर साठवून किती काळ पुन्हा द्यावे आणि या सर्वांची नोंद कशी ठेवावी, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे विकणे हाच गेल्या दोन दशकांत स्वतंत्र व्यवसाय झाला. २००४ मध्ये ‘सोनोआ सिस्टिम्स’ या नावाने सुरू झालेली आणि पुढे ‘एपिजी’ म्हणून ओळखली गेलेली कंपनी २०१६ मध्ये गुगलने सुमारे ६२.५ कोटी डॉलरना घेतली, यावरून या व्यवसायाचे मोल कळते. एपीआय सेतू हा विक्रीचा माल नाही. परंतु परवाना-क्रमांक, मागणीची मर्यादा, नोंदवही ही त्याची अवजारे याच घराण्यातील आहेत, आणि अवजारांबरोबर त्यांची परिभाषाही आलेली आहे.

‘वापरकर्ता’ ही संज्ञा

या प्रकारच्या व्यासपीठांविषयी जे अनुभवकथन आढळते, ते बहुतांशी संगणक-विकसकांचे असते. दस्तऐवज सुबोध आहेत काय, परवाना-क्रमांक किती दिवसांत मिळाला, उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, देयक अपेक्षेबाहेर गेले काय, हे त्याचे विषय. विकसक हा या व्यासपीठाचा खरोखरच ग्राहक असल्याने त्यात वावगे काही नाही. खाजगी व्यवहारात हे पुरेसेही ठरते. एका दुकानाची सेवा जमली नाही तर मनुष्य दुसऱ्या दुकानात जातो. शासकीय सेवेला मात्र दुसरे दुकान नसते. तेथे माहिती प्रकाशित करणारा विभाग, ती मागणारी संस्था आणि जिच्याविषयी ती माहिती आहे ती व्यक्ती असे तीन पक्ष असतात. पैकी पहिल्या दोघांची व्यासपीठावर रीतसर नोंद होते. तिसरा पक्ष केवळ मागणीच्या एखाद्या रकान्यातील मजकूर म्हणून उपस्थित असतो.

परिभाषेतही हा कल दिसून येतो. वेबवरील उत्तरांना तीन अंकी संकेतांक असतात. ५०० च्या मालिकेतील संकेतांक म्हणजे उत्तर देणाऱ्या यंत्रणेचा दोष आणि ४०० च्या मालिकेतील म्हणजे मागणाऱ्याचा दोष, अशी मूळ वाटणी आहे. ‘मागणारा’ म्हणजे येथे दुसरी संगणकप्रणाली, हे विकसकास ठाऊक असते. परंतु हाच संकेत पाझरत पाझरत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येतो तेव्हा त्याचे ‘आपली माहिती चुकीची आहे’ असे वाक्य बनते. ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ नोंद जेथे शोधली तेथे, ज्या रूपात शोधली त्या रूपात नाही, एवढाच असतो. विद्यार्थ्याला मात्र आपण दहावी उत्तीर्ण झालोच नाही की काय, असा प्रश्न पडतो.

लसीकरणाचा धडा

एपीआय सेतूचे नाव सामान्य वाचकाने ऐकले असेल तर ते बहुधा २०२१ च्या उन्हाळ्यात. १८ ते ४४ वयोगटाची लसीकरण-नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी कोविन पोर्टलवर खुली झाली. आगाऊ वेळ आरक्षित केल्याशिवाय या वयोगटाला लस मिळणार नव्हती आणि लसींचा साठा तुटपुंजा होता. कोणत्या केंद्रावर किती जागा शिल्लक आहेत हे सांगणारे एपीआय याच व्यासपीठावर सर्वांसाठी खुले होते. काही दिवसांतच देशभरातील तरुण विकसकांनी त्यांच्या आधारे सूचना देणाऱ्या सेवा उभारल्या. जागा उपलब्ध होताच टेलिग्रामवर संदेश येई आणि काही क्षणांत जागा संपत. खुल्या माहितीच्या धोरणाला अभिप्रेत असलेली कल्पकता ती हीच. परंतु वस्तू दुर्मीळ असताना माहितीचा वेग हाच तिच्या वाटपाचा निकष होऊन बसला.

मे २०२१ च्या पहिल्या आठवड्यात शासनाने यावर दोन बंधने आणली. उपलब्धतेची माहिती ३० मिनिटांपर्यंत जुनी असू शकेल, असे जाहीर झाले. आणि एका आयपी पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० पेक्षा अधिक मागण्या स्वीकारल्या जाणार नाहीत, असे ठरले. एपीआय व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकी निकषाने हे दोन्ही उपाय निर्दोष आहेत. सर्व्हरवरील भार त्यांनी हलका होतो. अन्यायाचा भार त्यांनी हलका होतो काय, हे मात्र निराळ्या मोजपट्टीने पाहावे लागते. मर्यादा पत्त्यावर होती, व्यक्तीवर नव्हती. ज्याला क्लाउडवर चार पत्ते भाड्याने घेता येतात त्याच्यासाठी ती चौपट होते. ज्या वसतिगृहातील दोनशे मुले एकाच बाह्य पत्त्यावरून इंटरनेट वापरतात त्यांच्यासाठी ती दोनशेंमध्ये विभागली जाते.

शोधाची रचनाही पाहण्यासारखी आहे. कोविनवर पिनकोडने किंवा जिल्ह्याने शोधता येत असे. ‘नागपूर जिल्हा’ असे निवडले की सीताबर्डी-धरमपेठेपासून पन्नास-साठ किलोमीटरवरील तालुक्यांची केंद्रेही त्याच यादीत येत. परिणामी स्वतःचे वाहन, अखंड जोडणी आणि सूचना देणारी सेवा ज्यांच्यापाशी होती त्या शहरी तरुणाला ग्रामीण केंद्रावरील जागा आरक्षित करता येत होती. त्या गावच्या शेतमजुराला स्वतःच्याच गावातील जागा दिसण्याआधी ती संपत होती. शहरवासीयांनी खेड्यांतील केंद्रे गाठल्याच्या तक्रारी त्या महिन्यात महाराष्ट्रात ठिकठिकाणांहून आल्या. याच नागपूर जिल्ह्याचा ग्रामीण भाग ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशातील पहिला डिजिटल जिल्हा म्हणून घोषित झाला होता, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू पोहोचणे आणि घरातील माणसाच्या हाती ओटीपी वेळेत पोहोचणे यांतील अंतर घोषणेत मोजलेले नसते.

अखेर २४ मे २०२१ रोजी शासकीय केंद्रांवर या वयोगटासाठी जागेवरच नोंदणीची मुभा देण्यात आली, आणि ३१ मे रोजीच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने केवळ डिजिटल पोर्टलवर विसंबलेल्या लसीकरण-धोरणावर डिजिटल दरीचा दाखला देत गंभीर प्रश्न उपस्थित केले. खिडकी परत आली ती अशी. एपीआयची गुणवत्ता सुधारल्याने ती आली नाही, हे विशेषत्वाने लक्षात घेतले पाहिजे.

नावाचा प्रश्न

लसीकरणाचा प्रसंग अपवादात्मक होता असे म्हणता येईल. शैक्षणिक क्षेत्रातील अनुभव मात्र नित्याचा आहे आणि प्राध्यापकवर्गाच्या अधिक जवळचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या विनियमांनुसार ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ अस्तित्वात आली. विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरच्या आधारे उघडते, त्यास बारा अंकी क्रमांक मिळतो आणि विद्यापीठाने पाठविलेली श्रेयांके त्या खात्यात जमा व्हावयाची असतात. कल्पना उत्तम आहे. डिजिलॉकरमधील दस्तऐवज मूळ कागदपत्रांच्या तोडीचे मानावेत ही २०१७ ची नियमदुरुस्तीही विद्यार्थ्यांच्या हिताचीच ठरली. साक्षांकित छायाप्रतींचे गठ्ठे वाहणाऱ्या पिढीला तिचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

अडचण जुळणीची आहे. आधार पत्रावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम सामान्यतः असतो. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम येते आणि आईचे नाव स्वतंत्र रकान्यात असते. विवाहानंतर शिक्षण पुढे चालू ठेवणाऱ्या विद्यार्थिनीचे आधार एका नावाने, तर गुणपत्रिका दुसऱ्या नावाने असते. त्यात विदर्भातील आडनावांची भर पडते. ‘वानखेडे’ आणि ‘वानखडे’ ही दोन्ही आडनावे येथे नांदतात. देवनागरीत त्यांतील भेद एका मात्रेचा, आणि रोमन लिपीत उतरवताना तो लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून. ‘व’साठी कोणते रोमन अक्षर घ्यावे, दीर्घ ‘ई’साठी एक अक्षर की दोन, याचा निर्णय शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरावरून गुणपत्रिकेचा अर्ज भरणाऱ्या लिपिकाने एकदा आणि आधार नोंदणी केंद्रावरील मुलाने दुसऱ्यांदा केलेला असतो. ज्याचे नाव आहे त्याला बहुधा कोणी विचारलेले नसते. यंत्रणेच्या लेखी मात्र ही दोन भिन्न माणसे होतात, आणि तफावतीचा दोष मागणाऱ्याच्या खाती पडतो.

राज्य शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असेल. निर्णय स्वागतार्हच आहे. ती मुले दहावीला पोहोचतील तोवर एकाच मधल्या नावाची जागा गृहीत धरणारे तक्ते कोठे कोठे उरलेले असतील, याचा विचार मात्र आजच करावयास हवा.

या तफावतीचा जन्म एपीआयमुळे झालेला नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत बँकांकडून ६६ रकान्यांचे तक्ते मागविण्यात आले, ते ‘आपले सरकार’ पोर्टलवरील अर्जांशी जुळविण्यात आले आणि त्या जुळणीत राज्यभर किती गोंधळ झाला, हे सर्वश्रुत आहे. तेथे तफावत उघड होण्यास महिने लागले. आता ती क्षणात उघड होते. उघड होण्याचा वेग वाढला आहे, निवारणाचा नाही. निवारणासाठी विद्यार्थी आजही महाविद्यालयाच्या कार्यालयात येतो, तेथील लिपिक त्याला आधार केंद्रावर पाठवितो, आधार केंद्र गुणपत्रिकेतील नाव ग्राह्य धरावे की राजपत्रातील, हे विचारते. हा सारा खटाटोप व्यासपीठाच्या कोणत्याही आलेखात उमटत नाही, कारण या काळात एकही मागणी झालेली नसते. आलेखावर ती शांत दुपार असते.

मर्यादा घालणे मुळातच आक्षेपार्ह आहे असा याचा अर्थ नव्हे. १२ एप्रिल २०२५ रोजी युपीआय व्यवहार देशभर खोळंबले, तेव्हा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या मागण्यांचा काही बँकांकडून झालेला भडिमार हे कारण पुढे आले. त्यानंतर ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपमधून दिवसाला ५० वेळाच खात्यातील शिल्लक पाहता येईल असे बंधन आले, आणि बँकांच्या मागण्यांनाही मर्यादा पडल्या. हे बंधन आधी जाहीर झाले, त्याचे कारण सांगितले गेले आणि सामान्य ग्राहकाच्या गरजेपेक्षा ते पुष्कळच सैल आहे. मर्यादा कशी असावी याचे ते बरे उदाहरण मानता येईल.

नकाराचे कारण

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने नागरिकाला दिलेली सर्वांत मौलिक गोष्ट कालमर्यादा ही नाही, असे म्हणावेसे वाटते. पदनिर्देशित अधिकाऱ्याने अर्ज फेटाळला तर त्याची कारणे लेखी नोंदवावयाची आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करता येईल हे अर्जदारास कळवावयाचे, ही तरतूद अधिक मौलिक आहे. प्रथम अपील, द्वितीय अपील आणि त्यानंतर आयोग, अशी पायरी-पायरीची वाट तिच्यामुळे खुली होते. सेतू केंद्राच्या खिडकीवरील नकाराला हा कायदा लागू पडतो. परंतु अर्ज दाखल होण्यापूर्वीच, माहिती जुळली नाही म्हणून, यंत्रणेने मागणी परत पाठविली तर? अर्जच झाला नाही. मग फेटाळला तरी कसा जाणार, कारण कोण लिहिणार आणि अपील कशावर करणार? जुन्या खिडकीवरचा लिपिक तुसडा असू शकत होता, कधी कधी त्याहून वाईटही. तथापि त्याच्या नकाराला नाव, हुद्दा आणि दिनांक होता.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहितीच्या दुरुस्तीचा आणि तक्रार-निवारणाचा हक्क दिला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. दुरुस्तीचा हक्क बजावण्यासाठी तफावत कोणत्या रकान्यात आहे आणि ती कोणत्या विभागाच्या नोंदीत आहे, हे आधी कळावे लागते. डिजिलॉकरमध्ये वापरकर्त्याला आपल्या हालचालींची यादी पाहता येते, ही उपयुक्त सोय आहे. परंतु हालचालींची यादी म्हणजे नकाराचे कारण नव्हे. तांत्रिक दृष्ट्या ते कारण अज्ञात नसते. प्रत्येक मागणी कोणत्या क्षणी आली, कोणाकडून आली आणि कोणत्या संकेतांकाने परत गेली, याची नोंद ठेवणे हेच तर एपीआय व्यवस्थापनाचे मुख्य कार्य आहे. ही नोंद प्रकाशक विभागाच्या आणि विकसकाच्या उपयोगासाठी असते. तिच्यातील स्वतःच्या नावाची ओळ, मराठीत आणि जबाबदार विभागाच्या नावासह, विद्यार्थ्याला मिळू शकली तर महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाला त्याला आधार केंद्रावर पाठवावे की मंडळाच्या विभागीय कार्यालयात, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.