रसेलच्या निबंधात चूल कुठंय?

बर्ट्रांड रसेलचा ‘इन प्रेज ऑफ आयडलनेस’ हा १९३२चा निबंध कॉलेजात वाचला तेव्हा मी भारावून गेले होते. परवा पुन्हा वाचला, आणि एका जागी अडले.

टाचण्यांच्या कारखान्याचं उदाहरण आजही बिनतोड आहे. यंत्र सुधारलं, तेवढ्याच माणसांकडून दुप्पट टाचण्या होऊ लागल्या; तर कामाचे तास निम्मे व्हावेत की नाही? होतं काय, निम्मी माणसं घरी बसतात आणि उरलेली पूर्वीइतकीच राबतात. रोज चार तास काम पुरे, हे त्याचं म्हणणं म्हणूनच पटतं.

पुढं तो म्हणतो, खाटीक आणि पाववाला पैसे मिळवतात म्हणून त्यांचं कौतुक, आणि चवीनं खाणारा मात्र उडाणटप्पू. (खाटकाशी आमचा संबंध नाही, ते सोडा.) अहो, पण या दोघांच्या मध्ये रांधणारी कुठं गेली? बायका निबंधात येतात त्या मुख्यतः श्रीमंत अमेरिकनांच्या, काहीच काम नसलेल्या बायका-मुली म्हणून.

बेळगावात आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. नियम अहिंसेचा, आईच्या विश्रांतीचा विचार त्यात कुणी केला नव्हता. तरी दिवेलागणीला चूल विझलेली असायची आणि आई उंबऱ्यावर नुसती बसायची. निवडायला मांडीवर तांदळाचं सूपसुद्धा नसायचं.

मी नोकरीला लागले आणि तो नियम माझ्याच्यानं पाळणं झालं नाही. ओटा पुसून होईस्तोवर रात्रीचे साडेनऊ वाजायचे.