‘अरण्य’ शब्दाचे ओझे

प्रायश्चित्तकाळ सरत आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत मोहफुले गळू लागतात. अशाच एका दिवशी, प्रभूच्या अरण्यातील चाळीस दिवसांच्या उपवासावर प्रवचन झाल्यानंतर, एका वृद्ध मातेने मला विचारले, ‘‘फादर जी, रानात मानूस उपाशी काहून राहीन? तेथं मोहा नोहता का?’’ मी हसून वेळ मारून नेली. पवित्र शास्त्राच्या अर्थनिर्णयाचा एक मूलभूत प्रश्न तिने विचारला होता, हे पुढे उमगले.

मराठी बायबलमधील ‘अरण्य’ हा शब्द आपल्या कानांवर दाट वृक्षांचे, ऋषींच्या आश्रमांचे आणि रामाच्या वनवासाचे संस्कार घेऊन येतो. मूळ हिब्रू ‘मिदबार’ निराळा आहे. वस्तीपलीकडची, पेरणी न होणारी, तुरळक गवतावर मेंढरे चारण्याची ती कोरडी भूमी. मग ‘वाळवंट’ म्हणावे काय? पण मराठी मनाला वाळवंट म्हटले की चंद्रभागेचा काठ आणि टाळमृदंगाचा गजर आठवतो. भाषांतरात कोणताही शब्द रिकाम्या हातांनी येत नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही अडचण ओळखली असावी. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूने १६१६ मध्ये छापलेल्या आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्वीकारला. सुमारे ११,००० ओव्यांच्या ओघात त्या शब्दाला ख्रिस्ती आशय लाभत गेला. उसना शब्द कथेत मुरला की तिचा होतो, हा त्या ग्रंथाचा धडा आहे.

१९९३ साली पोपमहोदयांच्या बायबलविषयक आयोगाने आपल्या दस्तऐवजात साहित्यिक विश्लेषण व मानववंशशास्त्र यांना अर्थनिर्णयात स्थान दिले, आणि केवळ शब्दाला चिकटून राहणाऱ्या मूलतत्त्ववादी वाचनाचा धोका दाखवला. त्या दृष्टीने मातेचा प्रश्न पुन्हा पाहावा. संत मत्तयच्या शुभवर्तमानात भाकरीच्या मोहाला प्रभू जे पहिले उत्तर देतो, ते अनुवाद ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील आहे. आणि तेथे विषय आहे मान्नाचा! रानात खायला काय होते, हा प्रश्न म्हणजे कथेचा गाभाच.

मान्ना पहाटे वेचावा लागे, उन्हाने तो वितळे. आमच्या भगिनीही पहाटेच मोहफुले वेचतात. हे साम्य सांगितले की श्रोत्यांचे चेहरे उजळतात. पण येथेच थांबणे सावध समीक्षेला शोभणारे नाही. मोहफुले वाळवून वर्षभर पुरवता येतात. मान्ना मात्र, शब्बाथाचा अपवाद सोडल्यास, दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की त्यात किडे पडत. साम्य दार उघडते. पण रोजच्या रोज देवावर विसंबण्याचा उपदेश कळतो तो भेदातून.

रान म्हणजे ओसाड, सैतानाची भूमी, असे आपण सरसकट सांगत राहिलो, तर वनवासी श्रोत्याला आपले घरच शापित वाटेल. उलट रानाचे नुसते गोडवे गायिलो, तर शास्त्र मुके होईल. प्रभू तेथे वन्य पशूंबरोबर होता, असे संत मार्क नोंदवतो. यशयाच्या अकराव्या अध्यायातील शांतीचे चित्र काही अभ्यासकांना येथे दिसते. पण ते पशू माणसाळले, असे मार्क म्हणत नाही. तेंदूपाने तोडायला गेलेले माणूस वाघाने नेले, अशा घरात प्रवचन करणाऱ्याने सुवार्तिकाने न लिहिलेला दिलासा आपल्या पदरचा घालू नये. प्रभू तेथे होता, एवढेच वचन आहे. आणि ते पुरेसे आहे.

त्या मातेला आज मी सांगेन : ‘‘नव्हता माय, तेथे मोहा नव्हता. म्हणून देवाने आपल्या लोकांना मान्ना दिला. आणि त्याची आठवण धरून येशूने आपली भूक सोसली.’’