आप्त कोण? : मोबाइलवरच्या शब्दाची पारख

समाजमाध्यमांच्या सुरक्षित वापरावर हल्ली पुष्कळ व्याख्यानं होतात. त्यांत सूचनांची एक ठरलेली यादी असते. अनोळखी लिंक उघडू नका, अनोळखी फोनवर ओटीपी सांगू नका, अनोळखी माणसाची मैत्री स्वीकारू नका. सूचना बरोबर आहेत, पाळाच. पण या यादीवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो आज मांडायचा आहे. धोका नेहमी 'अनोळखी' माणसाकडून येतो, असं ती यादी गृहीत धरते. आता आपापला फोन आठवून बघा. खोटी बातमी आपल्याकडे कोण पाठवतं? चुलते, वर्गमित्र, भावकीचा ग्रुप. म्हणजे ओळखीचेच लोक, होय की नाही?

इथे मला न्यायदर्शन आठवतं. घाबरू नका, वर्ग घेत नाही. नैयायिकांनी ज्ञानाची चार प्रमाणं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याचं सांगणं. पण कुणाचंही नव्हे, आप्ताचं. मग आप्त कोण? वात्स्यायनाच्या भाष्यात याची कसोटी आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट माहीत आहे, आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो की म्लेच्छ, कसोटी तीच, असंही भाष्यकार सांगतात. म्हणजे परकाही आप्त असू शकतो.

मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत आपण 'आप्तेष्ट' छापतो ना, तेच. व्हॉट्सॲपवर या दोन अर्थांची गल्लत होते. मामा नात्याने आप्त आहेत, त्यांचा मान आहे. पण अमुक काढ्याने मधुमेह मुळापासून जातो, हे मामांना कुठून माहीत? त्या बाबतीत ते आप्त नाहीत. त्यांनाही ते कुणीतरी पाठवलेलंच आहे.

ही गल्लत किती महाग पडते, ते धुळे जिल्ह्यात दिसलं. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात आधीच पसरले होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. संदेश पुढे पाठवणाऱ्यांतले बहुतेक जण त्या बाजारात नव्हतेही. त्यांनी काळजीपोटीच पाठवला असेल. पण काळजी म्हणजे माहिती नव्हे.

त्याच सुमारास देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेतात, असा. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना जागं करण्यासाठी केलेला होता. मूल परत आणून दिल्याचा शेवट कुणीतरी कापून टाकला होता. आता विचार करा. 'जसं आलं तसं पाठवलं' असं आपण किती सहज लिहितो! पण आलं तेच कापलेलं असेल तर? या चार शब्दांनी आपण हात झटकतो, आणि पाठवणाऱ्याचं नाव मात्र आपलंच राहतं. समोरचा विश्वास ठेवतो तो त्या नावावर.

यावर दोन उत्तरं नेहमी दिली जातात. पहिलं : कंपनीने बघावं. कंपनीने काही केलं. 2018 च्या जुलैत 'फॉरवर्डेड' ही खूण आली, भारतात एका वेळी पाच ठिकाणांची मर्यादा आली. वेग कमी झाला, पण खरं-खोटं ठरवण्याचं काम तिने होत नाही. दुसरं उत्तर : ॲडमिनला धरा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, ॲडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही. मला हे योग्य वाटतं. ज्याचा अंगठा, त्याची जबाबदारी.

आता व्यवसायाकडे येऊ. आपल्या भोर-वेल्ह्यात कुणी आंबेमोहोर विकतं, कुणी राजगड-तोरण्याला येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय करतं. यांना फोन म्हणजे दुकानच. गिऱ्हाईक पुण्याहून तांदूळ मागवतं तेव्हा त्याला दाण्याचा वास येत नसतो. त्याच्याकडे प्रत्यक्ष प्रमाण नाही, फक्त तुमचा शब्द आहे. म्हणून जुना तांदूळ असेल तर जुना लिहा. फोटो आपल्याच खोलीचा टाका. भाच्याकडून खोटा अभिप्राय लिहून घेऊ नका. तो नात्याने आप्त, पण गिऱ्हाईक म्हणून नव्हे. आणि गिऱ्हाइकांचे नंबर ही ठेव आहे, ती राजकीय प्रचाराच्या ग्रुपात ओतू नका.

फसवणारा नेमका हाच धागा ओढतो. तो पुतण्याचा फोटो लावून पैसे मागतो, किंवा पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करतो. आप्ताचं सोंग घेतो. कायद्यात अशी अटकच नाही. यूपीआयवर पैसे *मिळायला* पिन लागत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवा. पुतण्याने पैसे मागितले तर त्याच्या जुन्या नंबरावर फोन लावून आवाज ऐका. फसवणूक झालीच, तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं आपण म्हणतो. मला त्यात मधली एक पायरी घालावीशी वाटते : ऐकल्यावर विचारावे. 'तुम्हाला हे कसं कळलं?' एवढंच. घरातल्या मोठ्यांनाही विचारा, आदराने विचारा. त्यात त्यांचा अपमान नाही. पाच माणसांच्या जिवापुढे हा संकोच फार लहान आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.