रविवारी न धावलेला माणूस: ‘चॅरियट्स ऑफ फायर’ पुन्हा पाहताना

मागे ऐकू येतंय ना? बरं.

आजचा विषय आहे ख्रिस्ती श्रद्धा, खेळाडू आणि त्याचा कोच. नुसता विषय घेऊन बोलायला लागलं की प्रवचन होतं, म्हणून मी एक चित्रपट घेतलाय. ‘चॅरियट्स ऑफ फायर’, १९८१. दिग्दर्शक ह्यू हडसन, निर्माता डेव्हिड पटनम, पटकथा कॉलिन वेलंड यांची. चार ऑस्कर मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनीसुद्धा व्हँगेलिसची धून ऐकलेली असते. कुणाला स्लो मोशनमध्ये पळताना दाखवायचं झालं की सगळे तीच लावतात. बिचाऱ्या धुनेचं आता हसं झालंय, पण समुद्राच्या ओल्या वाळूवर अनवाणी धावणारी ती पोरं बघताना अजूनही अंगावर काटा येतो. माझ्या तरी येतो.

गोष्ट दोघांची आहे. १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक. एकीकडे हॅरल्ड अब्राहम्स, केंब्रिजचा, ज्यू. दुसरीकडे एरिक लिडल, एडिनबरो विद्यापीठाचा, मिशनरी आईवडिलांचा मुलगा, चीनमध्ये तिएन्त्सिन इथं जन्मलेला, रग्बीत स्कॉटलंडकडून सात सामने खेळलेला. १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या. लिडल म्हणाला, रविवार देवाचा, मी धावणार नाही. मग तो ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. वेळ ४७.६ सेकंद, ऑलिम्पिक विक्रम. १०० मीटर अब्राहम्सनं जिंकली.

जगभर ख्रिस्ती खेळाडूंच्या शिबिरांत, युवकांच्या मेळाव्यांत ही गोष्ट सांगतात, हा चित्रपट दाखवतात. का, ते उघड आहे. तरुण खेळाडूला एकच प्रश्न खात असतो: मी म्हणजे माझा निकाल का? हरलो तर मी कोण? लिडल त्याला उत्तर देतो असं वाटतं. माझं म्हणणं असं की चित्रपट हा प्रश्न फार सुंदर विचारतो आणि उत्तर देताना जरा लबाडी करतो. ती लबाडी नेमकी कुठं आहे ते बघू.

चित्रपटात लिडलला रविवारची गोष्ट कळते बोटीवर चढताना. पत्रकार विचारतात आणि त्याचा चेहरा उतरतो. मग युवराज, लॉर्ड मंडळी, बंद दारामागची बैठक, आणि ऐन वेळी लॉर्ड लिंडसे नावाचा काल्पनिक उमराव आपली ४०० मीटरची जागा त्याला देऊन टाकतो. नाटक म्हणून झकास. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी जाहीर झालं होतं, आणि लिडलनं आपला निर्णय तेव्हाच सांगितला होता. मधले महिने त्यानं काय केलं? ४०० मीटरचा सराव केला. टॉम मॅकर्चर नावाच्या एडिनबरोच्या प्रशिक्षकाकडे. शिवाय ते अंतर त्याला अगदीच नवीन नव्हतं. चित्रपटात तो शर्यतीत पडतो, उठतो आणि तरी जिंकतो ना, तो प्रसंग खरा आहे. १९२३ मधला. आणि ती शर्यत ४४० यार्डांचीच होती.

हा मॅकर्चर चित्रपटात दिसत नाही. लिडलबरोबर सँडी नावाचा एक काल्पनिक मित्र आहे, तो धावपळ करतो, पण कोच म्हणून त्याचं काम आपल्या मनात ठसत नाही. उलट अब्राहम्सचा कोच सॅम मुसाबिनी! इयन होमनं ती भूमिका अशी केलीय की लिडलपेक्षा तोच लक्षात राहावा. अब्राहम्सची पावलं मोजणारा, त्याची ढांग लांब पडते म्हणून पट्ट्याला ठिगळ लावावं तशी दुरुस्त करणारा. मुसाबिनी पैसे घेऊन शिकवतो, म्हणून केंब्रिजचे दोन मोठे प्राध्यापक नाक मुरडतात. जिंकणं चालेल, पण घाम दिसायला नको, आणि घामाचे पैसे तर नकोतच! त्या दृश्यात इंग्रजी सभ्यपणाची साल चित्रपटानं छान सोलली आहे.

पण या मांडणीचा अर्थ काय झाला बघा. ज्यू धावपटूला कोच आहे, घाम आहे, हिशेब आहे. ख्रिस्ती धावपटूला वारा आहे, डोंगर आहे, मागे फेकलेली मान आहे आणि देवाची देणगी आहे. एकाची कमाई, दुसऱ्याला कृपा. ज्यांनी पौलाची पत्रं वाचली आहेत त्यांना ही जोडी ओळखू येईल: नियमशास्त्र आणि कृपा. ख्रिस्ती प्रवचनांत शतकानुशतकं ज्यू माणसाला पहिल्या रकान्यात बसवलं गेलं, आणि त्यातून काय काय झालं ते इतिहासाला ठाऊक आहे. वेलंड किंवा हडसन यांच्या मनात तसं काही असेल असं मी म्हणत नाही. अब्राहम्सला सहन करावा लागलेला ज्यूद्वेष चित्रपट मनापासून दाखवतो. पण मॅकर्चरला वगळलं की तराजू आपोआप तसा कलतो. आणि खेळाच्या दृष्टीनंही ते खोटं आहे. लिडल पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत धावला, तेही बाहेरच्या लेनमधून. त्यामागे देव आहे असं मानणाऱ्याला मॅकर्चरही मागे आहे हे मानायला काय अडचण आहे? कोच असला की कृपा कमी होते का? इथं बसलेल्यांपैकी जे कोच असतील त्यांनी हे जरूर मनावर घ्यावं. तुमचं नाव बऱ्याचदा असंच गाळलं जातं.

आता ती चिठ्ठी. अंतिम शर्यतीच्या आधी अमेरिकन धावपटू जॅक्सन शोल्झ लिडलच्या हातात एक कागद देतो. त्यावर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या एका वचनाचा आधार: देवाचा मान राखणाऱ्याचा देव मान राखतो, अशा अर्थाचं. लिडल तो कागद मुठीत धरून धावतो. प्रत्यक्षात चिठ्ठी दिली होती ब्रिटिश चमूच्या एका मालिशवाल्यानं, आणि हॉटेलवर. मला हा बदल खटकतो. प्रतिस्पर्धी खेळाडूपेक्षा खेळाडूंचे पाय चोळणाऱ्या माणसानं ती चिठ्ठी लिहावी हे किती बोलकं आहे! पण पडद्यावर नावाजलेला चेहरा हवा असतो.

खरी गडबड पुढं आहे. चिठ्ठी मिळते, लिडल धावतो, जिंकतो. प्रेक्षकाच्या डोक्यात गणित पक्कं होतं: मान राखला, म्हणून पदक मिळालं. म्हणजे श्रद्धा खरी की खोटी ते स्टॉपवॉच ठरवणार. मग जो मान राखून चौथा आला त्याचं काय? जी मुलगी प्रार्थना करून उतरली आणि पहिल्याच फेरीत बाद झाली, तिची प्रार्थना कमी पडली का? शिबिरातल्या पोरांपैकी शंभरातली नव्याण्णव पोरं हीच असतात. त्यांना हा चित्रपट दाखवून आपण नेमकं काय सांगतो?

एक गोष्ट तर चित्रपटात आलेलीच नाही. लिडलनं फक्त १०० मीटर सोडली नाही. दोन्ही रिलेही सोडल्या, कारण त्यासुद्धा रविवारी होत्या. त्या दोन्ही शर्यतींत ब्रिटनला त्याच्याशिवाय पदकं मिळाली, एकीत रौप्य, एकीत कांस्य. १०० मीटर सोडली तर नुकसान माझं एकट्याचं. रिलेत माझ्या विवेकाचा भार आणखी तिघांच्या पायांवर पडतो. ख्रिस्ती असो, मुसलमान असो, कुणीही असो, संघात खेळणाऱ्या श्रद्धाळू खेळाडूचा खरा पेच हाच आहे, आणि त्याच्या कोचचाही. संघनिवड करताना अशा खेळाडूचं काय करायचं? युवराजाबरोबरच्या त्या बनावट बैठकीपेक्षा रिलेच्या चौघांमधलं एखादं अवघडलेलं संभाषण कितीतरी जास्त सांगून गेलं असतं.

श्रेय मात्र द्यायलाच हवं. लिडलची भूमिका करणाऱ्या इयन चार्ल्सनला (‘गांधी’मध्ये चार्ली अँड्र्यूज झालेला तोच) या धोक्याची जाणीव होती असं दिसतं. भूमिकेसाठी त्यानं बायबलचा अभ्यास केला, आणि पावसात भिजणाऱ्या प्रेक्षकांसमोर लिडल जे छोटंसं भाषण करतो ते त्यानं स्वतः लिहिलं, कारण पटकथेतलं त्याला फार सोवळं वाटलं. परिणाम बघा. आवाज चढत नाही. समोरच्यांना तो विचारतो की धावायचं बळ येतं कुठून, आणि आतून येतं म्हणतो. पदकाचं आश्वासन त्यात नाही. सगळ्या चित्रपटात श्रद्धेबद्दलचं सर्वांत प्रामाणिक बोलणं एका नटानं लिहिलेलं आहे, आणि तो प्रसंग ऑलिम्पिकच्या खूप आधी येतो. उलट धावताना देवाचा आनंद जाणवतो असं म्हणणारं जे प्रसिद्ध वाक्य लिडलच्या नावावर पोस्टरांवर छापतात, ते पटकथाकार वेलंडचं आहे. वाक्य चांगलंच आहे. पण चित्रपटात ते लिडल आपल्या बहिणीला, जेनीला, समजावताना बोलतो, कारण तिचा धावण्याला विरोध दाखवलाय; आणि खऱ्या जेनीचा तसा विरोध नव्हता.

हे सगळं शंभर वर्षांपूर्वीच्या पॅरिसचं आणि आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. त्याच पॅरिसला भारताचाही चमू होता, आणि त्याच्याबरोबर होते हॅरी क्रो बक, मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे संस्थापक. आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाच्या पायात ख्रिस्ती माणसांचे हे दगड आहेत, आठवण म्हणून सांगितलं.

पण ताजं उदाहरण याहून जवळचं आहे. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी. ऑस्ट्रेलियाचं ३३९ चं लक्ष्य, आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७. सामना संपल्यावर ती रडत रडत बोलली. येशूचे आभार मानले, बायबलमधल्या वचनाचा आधार सांगितला. त्यावर लगेच समाजमाध्यमांवर काही लोक तुटून पडले. दुसऱ्या काही लोकांनी तेच बोलणं उचलून चिठ्ठीवालं गणित मांडलं: बघा, प्रार्थना केली, जिंकली.

दोघांनीही नीट ऐकलं नाही. ती बोलली ते जास्त करून तिच्या अस्वस्थतेबद्दल होतं. जवळजवळ रोज रडत होते म्हणाली. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं होतं. आईबद्दल बोलली, सोबतच्या मुलींबद्दल बोलली. त्या डावात तिचे झेल सुटले होते. पहिलाच झेल पकडला गेला असता तर ती तंबूत जाऊन बसली असती, आणि तिची श्रद्धा तेवढीच असती. फक्त कुणी माइक पुढं केला नसता. जिंकलेल्याचीच साक्ष ऐकायची ही सवय चर्चलाही आहे आणि वाहिन्यांनाही.

अब्राहम्सकडे परत येते, कारण हरण्या-जिंकण्याबद्दल चित्रपटातलं सर्वोत्तम दृश्य त्याच्याकडच्या बाजूला आहे. पैसे घेणारा कोच म्हणून मुसाबिनी स्टेडियममध्ये नाही. जवळच्या एका खोलीत एकटा बसलाय. शर्यत त्याला दिसत नाही. राष्ट्रगीत ऐकू येतं, झेंडा चढताना दिसतो, तेव्हा त्याला कळतं. तो आपल्या गवती टोपीत मूठ घालून ती फोडतो, आणि मग रडतो. विजय दिसलेलाच नाही, तरी तो त्याचा आहे. विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री अशी काहीशी व्याख्या ख्रिस्ती लोक करतात. या चित्रपटात ती मला लिडलच्या शर्यतीपेक्षा या बंद खोलीत सापडते. आणि अब्राहम्स? दहा सेकंदांत स्वतःचं असणं सिद्ध करायला निघालेला तो, जिंकून गप्प होतो. सुवर्णपदक मिळालं, आता काय? प्रत्यक्षात १०० मीटर जिंकल्यानंतर दोन दिवसांनी तो २०० मीटरच्या अंतिम फेरीत शेवटचा आला. चित्रपटानं क्रम उलटा केला, आधी हार मग जीत, म्हणजे प्रेक्षक समाधानानं घरी जातात. आहे त्या क्रमानं दाखवायला हवं होतं. त्याच २०० मीटरमध्ये लिडलला कांस्य मिळालं, त्याचीही दखल नाही.

आता शेवटची गोष्ट. चित्रपटात सुरुवातीच्या भागात एक छोटं दृश्य आहे. रविवारची उपासना संपते, एक पोरगा चेंडू खेळतोय. लिडल त्याला हसत हसत सांगतो की आज खेळायचा दिवस नाही, आणि उद्या सकाळी आपण खेळू म्हणतो. गोड माणूस, पण नियम म्हणजे नियम.

लिडल १९२५ मध्ये चीनला गेला. शिकवलं, खेड्यांत काम केलं. युद्ध आल्यावर १९४१ मध्ये बायको आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसरी मुलगी तिकडे जन्मली, तिला त्यानं कधी पाहिलं नाही. १९४३ पासून तो वेइशिएन इथं जपान्यांच्या नजरकैदेच्या छावणीत होता. आईवडिलांपासून तुटलेली शाळकरी पोरं तिथं होती. तो त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, रविवार सोडून. एका रविवारी पोरांनी स्वतःच हॉकी लावली आणि पंच नसल्यामुळं मारामारी झाली. पुढच्या रविवारी पंच म्हणून लिडल मैदानात उभा होता.

ज्या रविवारसाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडली, तो रविवार त्यानं कैदेतल्या पोरांच्या हॉकीसाठी दिला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतल्या गाठीनं, त्याच छावणीत तो गेला. वय ४३. चित्रपटात याची जागा म्हणजे शेवटची एक पाटी. चेंडू खेळणाऱ्या पोराचं दृश्य होतं, त्याची जोडी जुळवणारं हे दुसरं दृश्य हडसनकडे तयार पडलेलं होतं, आणि त्यानं ते घेतलं नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या. कोचमंडळींनी आधी विचारा.