ऑइकोप्ल्युरा कुठे चिकटते?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुच्छसमपृष्ठरज्जू प्राण्यांचे वर्णन आहे: अळी पोहते, तिच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो, पुढे ती तळाशी स्थिरावून प्रौढ बनते. हर्डमानियापुरते हे बरोबर आहे. तिची अळी काही खात नाही. काही तासांत खडकाला चिकटते आणि शेपूट, पृष्ठरज्जू शरीरातच जिरतात. (ती ‘स्वतःचा मेंदू खाते’ ही चटकदार गोष्ट वर्गात सांगू नये; प्रौढातही चेतागुच्छिका असतेच.)

पण उदाहरणांत ऑइकोप्ल्युराही आहे, आणि ती कधीच स्थिरावत नाही! काही मिलिमीटरचा हा जीव शेपूट आणि पृष्ठरज्जू जन्मभर राखतो, अंगाभोवती श्लेष्माचे घर बांधतो, दिवसातून अनेकदा ते टाकून नवे करतो. डोलिओलमही तरंगतच जगते. म्हणजे तीनपैकी दोन उदाहरणे वर्णनात बसत नाहीत. एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर शिक्षकांनी काय सांगावे?

दासगावच्या शिक्षकांची अडचण वेगळीच. सावित्रीच्या खाडीची भरती गावापर्यंत चढते, म्हणून मुले तिथेच हर्डमानिया शोधू पाहतील. पण पावसाळ्यात ते पाणी गोडे होते, आणि या गटातल्या बहुतेकांना तो बदल सोसत नाही. नमुना हवा तर बाणकोटपलीकडे, खुल्या समुद्राकडेच जावे. पुढच्या आवृत्तीत निदान ऑइकोप्ल्युरापुढे ‘आयुष्यभर पोहते’ एवढे छापावे.