सुरळीत स्पर्शाची किंमत : दूरनियंत्रित शल्ययंत्रणांतील स्पर्श-प्रत्याभरणाची चिकित्सा

दूरनियंत्रित यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेविषयीच्या तांत्रिक लेखनात ‘सुरळीत स्पर्श’ हे ध्येय जवळजवळ निर्विवाद मानले गेले आहे. शल्यचिकित्सकाच्या हाती येणारी जाणीव अखंड, कंपरहित व सुखद असावी, अशी ही अपेक्षा. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या विशेषणालाच आहे. स्पर्श सुरळीत असणे आणि स्पर्श खरा असणे या भिन्न गोष्टी असून पहिलीसाठी पुष्कळदा दुसरीचा बळी दिला जातो.

या प्रश्नाचे मूळ अणुसंशोधनात सापडते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ भिंतीआडून हाताळण्यासाठी यांत्रिक हात तयार केले. चालकाच्या मुठीपासून पलीकडच्या चिमट्यापर्यंत सलग यांत्रिक जोडणी असल्याने चिमट्याला झालेला विरोध आपोआप मुठीत जाणवे. पुढे १९५० च्या दशकात या जोडणीची जागा विजेच्या तारांनी घेतली आणि स्पर्श फुकट मिळेनासा झाला. तो एका टोकाला मोजून दुसऱ्या टोकाला मोटरच्या बळाने नव्याने घडवावा लागला. तेव्हापासून चालकाच्या हाती येतो तो स्पर्शाचा अनुवाद होय.

अनुवादाला वेळ लागतो, आणि खरी अडचण तेथेच उद्भवते. शल्यचिकित्सक हात पुढे रेटतो, पलीकडे उपकरण ऊतीला टेकते. त्या विरोधाची वार्ता परत येईपर्यंत हात आणखी पुढे गेलेला असतो. उशिरा आलेले बळ हाताला मागे ढकलते, ती मागची हालचालही उशिराच पलीकडे पोहोचते, आणि पाहता पाहता उपकरण थरथरू लागते. परदेशी दूरध्वनीवर स्वतःचाच आवाज क्षणभराने ऐकू आल्यावर बोलणारा अडखळतो, तसाच हा प्रकार. येथे मात्र अडखळणाऱ्या टोकाशी रुग्णाचे शरीर असते.

यावरील उपाय बुद्धिमान आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. रॉबर्ट अँडरसन व मार्क स्पाँग यांनी १९८९ मध्ये आणि गुंटर निमायर व जाँ-जाक स्लोटीन यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या पद्धतींचे सार असे, की संदेशवाहिनीने स्वीकारली त्याहून अधिक ऊर्जा परत देऊ नये. खात्यात जमा असेल तेवढीच रक्कम काढता येते, तसा हा हिशेब. थरथर थांबते, परंतु विलंब वाढत जातो तसा हात काकवीतून फिरवल्यासारखा जड होतो आणि कठीण वस्तू मऊ भासू लागते. डेल लॉरेन्स यांनी १९९३ मध्ये स्थिरता व पारदर्शकता यांतील ही ओढाताण स्पष्ट केली. रक्तवाहिनीतील कठीण चुन्याचा थर आणि तिची निरोगी भिंत यांतील फरक ज्या बोटांना ओळखायचा आहे, त्यांना हा मऊपणा सुखद वाटेल, उपयोगाचा नाही.

त्यातच गाळणीची भर पडते. हाताची ऐच्छिक हालचाल सेकंदाला फार तर दहाएक आवर्तनांपर्यंत जाते. त्वचा मात्र सेकंदाला शेकडो कंपने ओळखते आणि २५० च्या आसपास ती विशेष संवेदनशील असते. सुई ऊतीतून आरपार जाताना बसणारा सूक्ष्म हिसका, धाग्याची खरखर, दोन उपकरणांची टक्कर या वार्ता याच पट्ट्यात येतात. बळाचा आलेख गुळगुळीत करणारी गाळणी नेमक्या त्याच पुसून टाकते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कॅथरीन कुचेनबेकर यांच्या गटाने २०१० च्या सुमारास ‘व्हेरोटच’ यंत्रणेत उलट वाट धरली : हाताला ढकलायचे नाही, उपकरणांची कंपने तेवढी मुठीत उमटवायची. ही जाणीव मुळीच सुरळीत नाही. तिच्यात माहिती मात्र आहे.

अर्थात स्पर्शावाचून शस्त्रक्रिया अशक्य आहे, असा दावा इतिहासाला धरून होणार नाही. ‘दा विंची’ यंत्रणेला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ बळाच्या प्रत्याभरणाविनाच तिच्यावर काम झाले. ऊतीचा पांढुरका पडणारा रंग आणि धाग्याचा ताण पाहून शल्यचिकित्सक दाब ‘वाचू’ लागले. डोळ्यांनी घेतलेली ही जबाबदारी अभियंत्यांच्या लेखनात फारशी गांभीर्याने घेतली जात नाही, हे नवलच. उपकरणाच्या टोकाजवळ बळ मोजणारी ‘दा विंची ५’ मार्च २०२४ मध्ये मान्य झाली, ही प्रगती खरीच. तथापि सर्वसाधारण वापरात चालक व रुग्ण एकाच शस्त्रक्रियागृहात, काही पावलांच्या अंतरावर असतात. तेथील यशावरून दूरच्या शस्त्रक्रियेविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

दूरच्या शस्त्रक्रियेचा दाखला म्हणून सप्टेंबर २००१ मधील ‘लिंडबर्ग’ शस्त्रक्रियेकडे बोट दाखवले जाते. जाक मारेस्को व त्यांचे सहकारी न्यूयॉर्कमध्ये, रुग्ण स्ट्रासबूर्गमध्ये, यंत्र ‘झ्यूस’. पित्ताशय यशस्वीपणे काढले गेले आणि सरासरी विलंब १५५ मिलिसेकंद होता. त्याच संशोधनातून सुमारे ३३० मिलिसेकंद ही सह्य विलंबाची मर्यादा पुढे आली. हा आकडा उद्धृत करताना एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ‘झ्यूस’ बळाचे प्रत्याभरण देत नव्हते. ती मर्यादा पाहणाऱ्या डोळ्यांची होती. बळाची जाणीव परत पाठवणाऱ्या यंत्रणेला ती लागू करता येत नाही, कारण तेथे त्याच्या कितीतरी अल्प विलंबातही थरथर सुरू होऊ शकते.